गच्चीवरचे वाक्प्रचार

"अंजूले त्या शिकवणीत नको टाकू वं. थो मास्तर लेकरायले उन्हात उभं करते," शेजारच्या सुमित्राबाई म्हणाल्या होत्या. मी हसले. इंग्रजी वाक्प्रचारांपायी कॉलेजात माझंच हसं झालेलं. म्हणून इंग्रजीसाठी लेकीला तिथेच घातलं अन् "कडक राहा, सर," असं मीच मास्तरांना सांगितलं.

परवा भर दुपारी तिला घ्यायला लवकर पोचले, तर तिसरीतली अंजू तापल्या गच्चीवर अनवाणी उभी राहून घोकत होती, "पीस ऑफ केक म्हणजे अगदी सोपं काम." तळपायांना फोड आले होते! अन् मास्तर सावलीत चहा पीत म्हणतात, "तुम्हीच तर म्हटलं होतं, कडक राहा!"

अंजूला मी उचलून आणलं. तिची मैत्रीण प्रेरणा अजून तिथेच जाते. तिच्या आईला सांगितलं, तर ती हसली. तुम्ही आमच्या सिंदी मेघेत राहत असाल, तर आज दुपारी त्या गच्चीवर जाऊन प्रेरणाला बघून या.