हादरे

प्रियदर्शनीनं ट्रॅम्पोलीन खिडकीपासून ओढत कोपऱ्यातल्या खांबापाशी आणलं, त्याच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे सरकवले आणि म्हणाली, "आता इथं."

प्रज्ञेश खिडकीकडेच बघत राहिला. तिथून त्याला टेकडी दिसायची. तिचा हा धाकटा भाऊ पंचविशी ओलांडलेला, पण बोलायचा फार थोडं. रोज चार वाजता, आणि एरवीही मनात काही दाटून आलं की, ट्रॅम्पोलीनवर उड्या मारायचा आणि मग शांत व्हायचा. इतक्या वर्षांत त्याला दुसरा उतारा कुणाला सापडला नव्हता.

"तिथं," तो म्हणाला.

"तिथं नाही. खाली हादरतं."

तिचा आवाज चढला होता, पण राग त्याच्यावर नव्हता. वारज्यातल्या या सोसायटीत ते भाड्यानं राहायला आले, त्याला फार दिवस झाले नव्हते. आणि परवाच्या बैठकीत खालच्या मजल्यावरचे तात्याराव चारचौघांत म्हणाले होते, "रोज चार वाजता आमचं छत नाचतं. तुम्हा लोकांना आवाजाची सवय असेल. आम्हाला नाही." 'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला, हे कुणी विचारलं नाही. सेक्रेटरी खाली मान घालून मोबाईल बघत होते.

ती गाड्यांचे शॉक ॲब्सॉर्बर तपासायच्या नोकरीत होती. हादरे मोजणं हेच तिचं रोजचं काम. घरी येऊन तिनं फरशीवर मोबाईल ठेवून मोजमाप घेतलं आणि तक्रार खरी निघाली. याचाच तिला जास्त संताप आला. प्रत्येक स्लॅबला आपली एक लय असते. झोक्याला योग्य वेळी नुसतं बोट लावत राहिलं तरी तो उंच चढतो. प्रज्ञेशच्या उड्या नेमक्या तशा, स्लॅबच्या लयीत पडत होत्या. आणि तेही मधोमध, जिथं स्लॅब सगळ्यात जास्त लवतो. खांबापाशी तो लवत नाही. जागा बदलल्यावर तिनं पुन्हा मोजलं. आता जवळजवळ काहीच नव्हतं.

आठवडा सरायच्या आत सेक्रेटरींचा फोन आला. "तात्यारावांचा त्रास वाढलाय म्हणे. घरमालकांच्या कानावर घालावं लागेल, मॅडम."

याआधीचं घर अशाच एका फोननंतर सुटलं होतं.

रविवारी चार वाजायच्या जरा आधी तिनं प्रज्ञेशला इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले, दाराला कुलूप लावलं आणि त्याला घेऊन ती एक जिना उतरली. तात्यारावांच्या पत्नीनं, इंदुबाईंनी, दार उघडलं.

"या," तात्याराव सोफ्यावरूनच म्हणाले. प्रज्ञेशला त्यांनी याआधी कधी पाहिलं नव्हतं; आता वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हादरे मोजायला माणूस आणलात? उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं. बसा साहेब."

प्रियदर्शनी बोलायला गेली आणि थांबली. प्रज्ञेश तात्यारावांच्या शेजारी सोफ्यावर बसला. ती समोरच्या खुर्चीवर.

"यांच्या कंपनीतलेच का आपण?"

प्रज्ञेश पंख्याकडे बघत होता.

"कमी बोलता. बरंय. कामाची माणसं अशीच असतात." तात्याराव त्याच्याकडे किंचित झुकले. "वर तो वेडा ठेवलाय ना यांनी, त्याला कुठंतरी सोय बघून पाठवा, एवढंच आमचं म्हणणं. यात काय चुकलं, सांगा."

इंदुबाईंनी चहा आणला. प्रियदर्शनीनं कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. तिनं तो टीपॉयवर ठेवून दिला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. तात्यारावांनी बोट वर केलं.

"ऐका. झालं सुरू."

सगळ्यांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

"धप्, धप्. येतंय ना? इथं छातीत बसतं हो."

"काकू, तुम्हाला येतंय ऐकू?" प्रियदर्शनीनं विचारलं.

इंदुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग हातातल्या ट्रेकडे. "आधी यायचं. या आठवड्यात नाही आलं."

"तुला काय ऐकू येतंय," तात्याराव म्हणाले. "साहेब, तुम्ही सांगा."

प्रियदर्शनीनं पर्समधून किल्ली काढून टीपॉयवर ठेवली.

"वर कुणी नाहीये, काका. कुलूप आहे." तिचा आवाज तिलाही अनोळखी वाटावा इतका खाली होता. "आणि हे साहेब नाहीत. हा प्रज्ञेश. माझा भाऊ."

तात्यारावांचं बोट तसंच वर राहिलं. शेजारी बसलेल्या माणसाकडे त्यांना मान वळवता येईना.

आपलं नाव ऐकून प्रज्ञेशनं बहिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा त्याला कळायचा. तो जागच्या जागी हलायला लागला; आधी थोडा, मग आणखी. जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा करकरल्या. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला तात्याराव त्याच्याबरोबर वर-खाली होऊ लागले.

एरवी तिनं उठून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला असता. आज तिनं कप उचलला आणि सावकाश चहा पिऊ लागली.