विषय फिनिश

बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. लातूरच्या आडत बाजारात मी सौदा पुकारतो. सकाळी माझा आवाज एकदा सुटला की सोयाबीनच्या ढिगामागं झोपलेलं कुत्रंही दचकून उठतं. आणि अशा या सिद्धरामच्या सख्ख्या बहिणीच्या पोटी आदिनाथ जन्माला आला. देव थट्टा करतो ती अशी.

आदिनाथ मुका नाही. पण शब्दांवर जीएसटी लागत असल्यासारखा बोलतो. डाळमिलमध्ये यंत्रांची देखभाल करतो, पगार बरा आहे, मुरुडला घर आणि शेती आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. तरी सोयरीक जमेना. मुलगी बघायला गेलो की तिकडचे प्रश्न विचारायचे, हा मूग गिळून बसायचा आणि उत्तरं मी द्यायचो. एका ठिकाणी मुलीच्या आजीनं शेवटी मलाच विचारलं, "नवरदेव कोन हाय म्हणायचा, ह्यो का तुमी?" माझी बहीण उज्वला त्या दिवशी परतीच्या वाटेवर पदर तोंडाला लावून बसली होती. मी मात्र बोलत होतो. कुणीतरी बोलायला नको का?

एका दुपारी मी मुरुडला गेलो, तर हा बाजेवर पडून मोबाईलवर पिक्चर बघत होता. पडद्यावर एक बाई आणि एक बाप्या टेबलाशी बसलेले. समोर दोन कप. दोघंही हलत नव्हते.

"फोन हँग झाला रे तुझा," मी म्हणालो.

"न्हाई मामा. त्ये कॉफी पिऊन राहिलेत."

"मग बोलंनात का?"

"बोलतील की." जरा थांबून म्हणाला, "न्हाई बोलले तरी चालतंय."

चौकशी केल्यावर समजलं ते असं. मिलमध्ये दिवसभर यंत्रांचा खडखडाट. घरी आलं की टीव्हीवर भांडणं. (मामाचं नाव त्यानं घेतलं नाही, गुणाचं पोरगं आहे.) म्हणून त्यानं एक दिवस कमी बोलणारे पिक्चर शोधले आणि शोधता शोधता फिनलंड नावाच्या देशात पोचला. कुठं आहे म्हटलं, तर त्यानं पत्र्याकडं बोट दाखवलं. "लई वर."

मग त्यानं मला एक दाखवलाही. एक म्हातारा बाकड्यावर बसलेला. बस येते, जाते. "मग?" मी विचारलं. "मग दुसरी बस येती," तो म्हणाला आणि असा हसला की जणू मोठा विनोद झाला. हे तर एसटी स्टँडवर फुकट बघायला मिळतं, असं सांगून मी उठलो.

एसटी स्टँड मी उगीच काढलं नाही. पुढचं स्थळ तिथलंच होतं. शिल्पा, नांदेडच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर माईकवर गाड्या पुकारते, दिवसभर लोकांना उत्तरं देते. मी मनात म्हणालो, चला, एक बोलणारी आली घरात. तिचे वडील श्रीमंतराव मूळचे इस्लापूरचे. बायको लवकर गेली, पोरगी एकट्यानं वाढवली. माणूस ताठ, पण जीव पोरीत अडकलेला, हे पहिल्या पाच मिनिटांत दिसलं.

बघण्याचा कार्यक्रम झाला आणि रिवाजाप्रमाणं दोघांना गच्चीवर पाठवलं. मी जिन्याशी उभा राहून कान दिला. वरून एक शब्द ऐकू येईना. खाली पोहे गार झाले. दोघं उतरले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. झालं, हेही गेलं, असं मी धरून चाललो.

खरं म्हणजे आदिनाथनं घरी जाऊन आईला सांगितलं होतं, "तिनं एकदा पण विचारलं न्हाई, तुमी गप का म्हणून. आई, हिच्याशीच करायचं." त्याला दुसरी कुणी नको होती. पण उज्वलानं ते मला कळवलं नाही. नांदेडहून विचारणा आली की आपणच सांगू म्हणाली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं तिचं मत आहे. आता बघा, पुढचा घोटाळा कुणाच्या पदरात घालायचा ते.

दोन दिवसांनी श्रीमंतरावांचा फोन. "पाहुणे, पोरगी विचारून राहिली. पोराचं काय म्हणणं हाय?"

मी लगेच आदिनाथला मिलमध्ये फोन लावला. मागं यंत्रांची घरघर.

"अरे, नांदेडची पोरगी विचारती! काय सांगू?"

"काऽय?"

"नांदेड! शिल्पा विचारती!"

"हाव हाव! फिनिश!"

"काय म्हणलास?"

"फिनिश म्हणावं! फि-नि-श!"

मी मटकन पोत्यावर बसलो. एवढी गुणी पोरगी आणि या गाढवानं एका शब्दात विषय संपवला. पण निरोप तर द्यायला हवा. आयुष्यभर लोक म्हणतात सिद्धराम ध चा मा करतो, म्हणून या खेपेला पदरचं काही घातलं नाही. "पोरगा फिनिश म्हणतोय," मी श्रीमंतरावांना सांगितलं.

पलीकडून श्रीमंतराव म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच."

"माझी पोरगी म्हंजे काय तुरीचं पोतं हाय का, मूठ बघितली अन् टाकून दिली?" फोन बंद.

आठवड्यानं उज्वलानं मला तातडीनं बोलावून घेतलं. पोरगा जेवत नव्हता. नांदेडहून उत्तर येईना म्हणून फोनकडं बघत बसायचा. मी भडकलोच.

"उत्तर कशाचं येतंय? तूच फिनिश म्हणालास की!"

"मग? फिनिशच हाय त्ये."

"काय फिनिश हाय?"

"पिक्चर! फिनलंडच्या पिक्चरला फिनिश म्हणतेत, मामा! गच्चीवर तिनं विचारलं, तुमी काय बघता. मी सांगितलं. नाव ध्यानात राहीना म्हणली, मामाकडून कळवा. तुमी म्हणलात शिल्पा विचारती..." आणि तो थांबला. माझ्याकडं बघत राहिला.

उज्वलानं कपाळावर हात मारला. "दादा, जल्मभर प्रत्येक निरोपाला फाटे फोडलेस. ह्योच एक जसाच्या तसा द्यायचा सुचला व्हय तुला?"

श्रीमंतराव फोन उचलेनात. त्यात बातमी आली की रविवारी इस्लापूरकडचे पाहुणे शिल्पाला बघायला येणार. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं नांदेडच्या एसटीत बसलो. उतरताना आदिनाथ म्हणाला, "मामा, तुमी बोलायचं न्हाई." मला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

तो चौकशीच्या रांगेत उभा राहिला, मी शेजारी. नंबर आला. शिल्पानं मान वर न करता विचारलं, "कुठं जायचं?"

"फिनलंड."

माईक चालू होता. फिनलंड अख्ख्या स्टँडभर घुमलं. गाठोडं घेतलेली एक म्हातारी माझ्या बाहीला धरून म्हणाली, "कोन्त्या फलाटावर लागती वो, बाबा?" मी तरीही बोललो नाही. माझ्या सहनशक्तीची नोंद कुठंतरी व्हायला हवी.

शिल्पानं वर बघितलं. "तिकडं एसटी जात न्हाई. अन् तुमचं तर फिनिश झालं होतं की."

मग आदिनाथ बोलला. जन्मात एवढा सलग बोलला नव्हता. "फिनिश म्हंजे पिक्चर. तुमी नाव विचारलं होतं, त्येच कळवलं मी. नकार दिलाच न्हाई. मला तुमच्यासंगं गप बसायला लई आवडलं. आणखी बसावं वाटतंय."

तिकिटं तपासत उभा असलेला एक कंडक्टर तसाच थांबला. मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी वाजवली. तेव्हा कुठं शिल्पाच्या ध्यानात आलं आणि तिनं माईक बंद केला. लाजून कानापर्यंत लाल झाली होती.

"दिवसभर मी बोलून राहिले," ती हळू म्हणाली. "घरी गेलं की लोक म्हणतेत, बोल. गच्चीवर पहिल्यांदा कुणी बोल म्हणलं न्हाई." मग म्हणाली, "मी शोधले त्ये पिक्चर. थंड देश, गप माणसं, असं टाकून. पाहिले पण."

"नकार आला तरी?"

"नकार तुमचा होता. पिक्चरचा काय गुन्हा?" ती हसली. "खाली फिनिश लिहिलेलं बघून मला शंका आली होती. पण अण्णा ऐकंनात. बोलून पटायचे न्हाईत ते. तुमच्या मामांनी तर तोंडच उघडू नये." मी मान हलवली. "संध्याकाळी या. मी त्येंना एक पिक्चर दाखवते."

संध्याकाळी गेलो. पाणी आलं, चहा आला नाही. आमच्याकडं याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. श्रीमंतराव भिंतीकडं तोंड करून बसले होते. शिल्पानं कुणालाही न विचारता टीव्हीला मोबाईल जोडला.

बर्फ. लाल लोकरी टोपी घातलेला म्हातारा. शहरातून सुट्टीला घरी आलेली त्याची मुलगी. दोघं उकडलेले बटाटे खातात. खाली इंग्रजीत अक्षरं उमटायची, तीही क्वचित. "ह्येंची लाइट गेली का काय?" श्रीमंतराव पुटपुटले, पण तोंड भिंतीकडून टीव्हीकडं वळलं होतं. म्हातारा मुलीच्या बुटांना पॉलिश करतो. सांगत नाही, नुसते दाराशी नेऊन ठेवतो. श्रीमंतराव पुढं सरकून बसले.

शेवटी स्टेशन आलं. म्हातारा मुलीची पेटी हातात धरून उभा. गाडी आली तरी सोडेना. मुलीनं पेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अन्ना."

श्रीमंतराव ताडकन उठले. "अण्णा म्हणली! ऐकलं का? आपल्यावानीच अण्णा म्हणली ती!"

मी हो म्हणणारच होतो. कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. पण आदिनाथ म्हणाला, "न्हाई. त्येंच्या भाषेत अन्ना म्हंजे दे. ती पेटी मागून राहिली."

"दे म्हणली?"

"हाव. दे."

श्रीमंतराव खाली बसले. पडद्यावर म्हाताऱ्यानं पेटी दिली. गाडी गेली. म्हातारा घरी आला, सवयीनं दोन कपांत कॉफी ओतली, जरा वेळ दोन्हींकडं बघितलं आणि दोन्ही एकटाच प्याला. पिक्चर संपला.

माझी पोरगी पुण्याला दिली तेव्हा मी मांडवात सगळ्यांना हसवत फिरत होतो. तेव्हाचं सगळं आता त्या दोन कपांपाशी माझ्यापुढं येऊन उभं राहिलं. शिल्पा वडिलांकडं बघत होती, वडील बंद पडद्याकडं.

"फिनिश," श्रीमंतराव म्हणाले.

आदिनाथनं मान खाली घातली.

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले, नाक पुसलं. "विषय फिनिश. दिली पोरगी. सुपारी कधी फोडता? बोला, पाहुणे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडलं. रोज सगळा बाजार उठवणारा माझा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. पुन्हा प्रयत्न केला. नुसते ओठ हलले.

"मामाला जरा दम घेऊ द्या," आदिनाथ म्हणाला. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि श्रीमंतरावांकडं बघून सांगितलं, "येत्या रविवारीच फोडू, अण्णा. सकाळी. आईला घेऊन येतो."

शिल्पा चहा ठेवायला उठली.