झालरीत अडकलेला पंखा

मी पंखा बोलतोय. वर बघू नका, छताला उलटा लटकणारा तो मी नव्हे. मी तळहाताएवढा, काळा, कॉम्प्युटरच्या पोटात राहणारा. माझ्या बुडाखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांची एक चवड आणि तिच्याखाली प्रोसेसरसाहेब. साहेबांचं काम विचार करणं, माझं काम त्यांना वारा घालणं. विचार करणाऱ्याचं डोकं तापतं आणि वारा घालणाऱ्याला कुणी विचारत नाही. तुमच्या ऑफिसातही असंच असतं म्हणे.

माझा जन्म सातासमुद्रापार कुठल्यातरी कारखान्यात झाला. आईबाप आठवत नाहीत, पोटावर एक स्टिकर तेवढा होता. मुंबईत एका दुकानदाराने मला साहेबांच्या डोक्यावर बसवलं. मध्ये थोडी पांढरी पेस्ट लावायची असते, म्हणजे साहेबांची उष्णता नीट वर पोचते. त्या भल्या माणसाने पावाला लोणी फासावं तशी ती फासली. मी काय बोलणार? मला तोंड कुठे होतं!

२००४ साली मी वसईला, पापडीतल्या निकोलस मास्तरांच्या घरी आलो. त्यांचा मर्विन इंजिनिअरिंगला गेला होता आणि त्याला म्हणे अभ्यासाला कॉम्प्युटर हवा होता. पहिल्याच दिवशी फादर आले, प्रार्थना केली आणि पवित्र पाणी शिंपडलं. भाव चांगला होता, पण दोन थेंब जाळीतून आत आले आणि मी देवाघरी जाता जाता राहिलो.

मर्विनच्या अभ्यासात बंदुका फार होत्या. दबा धरून एकमेकांना गोळ्या घालायच्या, असा तो अभ्यास. तो सुरू झाला की साहेब तापायचे. पन्नास अंशांपर्यंत ते खुशीत असत, सत्तरीला कुरकुरत, आणि त्याच्याही वर गेले की स्वतःचा जीव वाचवायला सगळा कॉम्प्युटरच बंद करून टाकत. मग मर्विन "शिट!" म्हणून टेबलावर बुक्की मारायचा. बुक्कीने थंडावा येतो असं त्याला का वाटायचं, देव जाणे.

शेवटी त्याने डबड्याची एक बाजूच काढून ठेवली, रंगाच्या ब्रशने माझी धूळ झाडली आणि समोर टेबलफॅन लावला. माझं अर्धं काम हलकं झालं. हे सुख मर्विनच्या आईला, इझाबेलबाईंना बघवलं नाही.

इझाबेलबाईंच्या घरात उघडं काही राहत नसे. टीव्हीवर क्रोशाचं कव्हर, फ्रिजवर क्रोशाचं कव्हर, फोनलाही टोपडं. माझ्या कॉम्प्युटरचं पोट उघडं पडलेलं पाहून त्या हळहळल्या. "पाल शिरेल आत," म्हणाल्या, आणि दोन आठवडे खपून त्यांनी एक पांढरं कव्हर विणलं. त्याला खाली लांब दोऱ्यांची झालर. मर्विन घरात असला की ते काढून फेकायचा, तो कॉलेजला गेला की त्या पुन्हा घालायच्या. मधल्या मधे माझा जीव घुसमटायचा.

आता खरी गोष्ट सांगतो. शेजारच्या घरात निकोलस मास्तरांचा सख्खा भाऊ आलोशियस राहायचा, आणि दोघा भावांचं बोलणं बंद होतं. दोन घरांच्या मधे बावखल होतं, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं. वाटणीत ते आलोशियसकडे गेलं. त्याने ते मातीने बुजवलं आणि मोकळी जागा केली. मास्तरांच्या केळी पाण्यावाचून गेल्या. तेव्हापासून दोघं चर्चमध्येही वेगवेगळ्या बाजूला बसत. पोरांना या भांडणाशी काही घेणंदेणं नव्हतं. मर्विनने आणि आलोशियसच्या क्लेमेंटने बुजलेल्या बावखलावरून खुशाल वायर टाकून आपापले कॉम्प्युटर जोडले आणि घरी बसून एकमेकांना गोळ्या घालू लागले.

मास्तरांची शाळा सकाळची. दुपारी ते रिकामे. पोरगा काय शिकतो ते बघावं म्हणून बसले आणि त्यांनाच चटक लागली. एके दुपारी खेळात समोर दुसरा गडी दिसला. नाव क्लेमेंटचं. पण क्लेमेंट तर कॉलेजला गेलेला! मास्तर पडद्याकडे बघत राहिले. तो गडी खोक्यामागे लपायचा आणि दर थोड्या वेळाने डोकं बाहेर काढायचा.

"हा आलोशियसच," मास्तर पुटपुटले. "लपाछपीत असाच कणगीमागून डोकं काढायचा. गाढव."

त्यांनी इझाबेलबाईंना काही सांगितलं नाही, मर्विनलाही नाही. पण रोज जेवण झालं की हात पुसत येऊन बसायचे. तासभर दोन म्हातारे भाऊ मुक्याने एकमेकांना ठार मारायचे, आणि इतकी वर्षं त्यांच्यात जे काही बोलणं झालं ते एवढंच. ते माझ्या जिवावर चाललं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. म्हणून त्या कव्हराच्या उबेतही मी जीव तोडून फिरायचो.

मे महिन्यातली दुपार होती. कव्हर अंगावर, टेबलफॅन बंद. आलोशियसचा गडी अचानक खोक्यामागून बाहेर आला आणि मैदानात मधोमध उभा राहिला. मास्तरांनी नेम धरला, पण गोळी घातली नाही. मग पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली : 'निकू?'

मास्तरांना निकू म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं.

ते एकेक अक्षर शोधून उत्तर लिहायला लागले. आणि नेमका तेव्हाच झालरीचा एक दोरा माझ्या पात्यांत आला. मी तो झिडकारायला गेलो, तर तो आणखी गुंडाळला. पाठोपाठ दुसरा आला. मी जीव खाऊन ओढलं, पण जागचा हललो नाही. खाली साहेब तापत गेले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःपुरतं पाहिलं. पडदा काळा झाला.

मास्तरांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला आणि पुन्हा मेला. त्यांनी कव्हर ओढून आत बघितलं.

"इझा! तुझ्या झालरीनं घात केला!"

"झालर काय करते?" बाई स्वयंपाकघरातून आल्या. "फ्रिजला इतकी वर्षं घातलीय, तो बोलला कधी? खेळत कोणाबरोबर होता एवढं?"

"आलोशियसबरोबर."

बाई हात पुसत जवळ आल्या. मग म्हणाल्या, "तो काय बोलला?"

"निकू म्हणाला. आणि हे बंद पडलं."

"मग इथे काय बसलात? त्याला वाटेल, तुम्ही तोंडावर दार लावलंत!"

मास्तरांनी सुरीच्या टोकाने माझे स्क्रू काढले, दोऱ्यासकट मला मुठीत धरलं आणि निघाले. एरवी ते रस्त्याने वळसा घालायचे. त्या दिवशी बुजलेल्या बावखलावरून सरळ गेले.

आलोशियस दारातच उभा होता. तोंड लाल. "बंद केलास ना?"

"मी नाय केला. हा बग." मास्तरांनी मला पुढे केलं. "इझाबेलचा दोरा गेला याच्यात."

आलोशियसने मला उलटंसुलटं केलं. "एवढुसा हा?"

"एवढुसाच. पण हा थांबला की सगळं थांबतं."

आलोशियस आतून कात्री घेऊन आला. दोघं पायरीवर बसले आणि माझ्यावर डोकी खुपसून दोरे कापू लागले.

"केळी सुकल्या माझ्या," मास्तर म्हणाले.

"ठाऊक हाय. रोज बगतो खिडकीतून." आलोशियसने एक दोरा ओढला. "बोरिंग मारून पाणी देईन म्हणालो होतो तुला."

"कधी म्हणालास?"

"मनात."

मास्तर हसले. मग आलोशियसही हसला, आणि हसता हसता त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मलाही भरून आलं, पण पंख्याला रडता येत नाही.

माझं बेअरिंग गेलं ते गेलंच. साहेबांना नवा, मोठा पंखा आला. सुखी राहोत दोघं. मी आलोशियसच्या खिडकीत पडून असतो. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर कधीमधी त्याची धूळ झाडत जा, एवढंच मागणं आहे.

दोघा भावांनी खेळ सोडला. आता रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की ते याच पायरीवर बसतात आणि बावखलावरून समोरासमोर भांडतात. डोकी तापतात, आवाज चढतात, इझाबेलबाई पलीकडून हाका मारून दमतात. पण मधेच बंद कुणी पडत नाही.