सव्विसावा फर्मा उलटा

बावीस वर्षं पुस्तकं शिवूनही मावशींनी एकही पुस्तक वाचलं नव्हतं, आणि याचा त्यांना थोडा अभिमानच होता. छापखान्यातून बांधणीच्या कारखान्यात घडी घातलेले फर्मे येत. एका फर्म्यात सोळा पानं, तळाला बारीक अक्षरात त्याचा आकडा. मावशी आकडा बघत, फर्मे ओळीनं लावत आणि सुईदोऱ्यानं शिवत. कायद्याचे ठोकळे, औषधांच्या याद्या, शाळेचे नकाशे, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि त्यातलं अक्षरही डोक्यात शिरलं नव्हतं. "वाचायला लागलं की हात चुकतो," असं त्या नव्या बायकांना दरडावून सांगत.

मावशींचा हात चुकत नसे. कारखान्याच्या दाराशेजारी एक काळा फळा होता. ज्याच्या हातून प्रत खराब होई, त्याचं नाव महिनाभर त्या फळ्यावर खडूनं झळके, आणि त्या नामुष्कीची भरपाई म्हणून ती खराब प्रत त्याला घरी नेता येई. खुद्द मुकादमांचं नाव तीनदा लागून गेलं होतं. मावशींचं एकदाही नाही. नवी बाई कामाला लागली की मुकादम तिला आधी मावशींच्या टेबलाशी आणत. "हा हात बघून घे," म्हणत, "मग मला काही शिकवायची गरज नाही."

मग ती परीराज्याची कादंबरी आली आणि बावीस वर्षांच्या शिस्तीचा पार विचका झाला.

छापखाना काही फर्मे क्रमानं पाठवत नाही. जो आधी छापून होतो तो आधी येतो. या कादंबरीचा सगळ्यांत आधी आला अकरावा. त्या दिवशी नेमकी मावशींची सुई मोडली, दुसरी मिळेपर्यंत हात रिकामे राहिले, आणि डोळे सहज खाली गेले. परीराज्याचा सेनापती धुक्यानं भिजलेले पंख घेऊन एका मुलीच्या उंबऱ्याशी उभा होता. मुलगी गावातले दिवे लावणारी. परीराज्यातल्या कुणालाही बोलावल्याशिवाय माणसाच्या घरात पाऊल टाकता येत नाही, म्हणून तो बाहेर आणि ती आत, कडीवर हात ठेवून. दोघंही गप्प. आणि फर्मा संपला.

"अगं बाई!" मावशी एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की पलीकडच्या टेबलावरच्या दोघींना वाटलं, सुई बोटात गेली. एका परीनं तसंच झालं होतं.

त्यानंतर मावशींचा डबा अर्धाच संपायला लागला. जेवणाच्या सुट्टीत त्या फर्म्यांच्या थप्पीला पाठ टेकून वाचत बसत. अकरानंतर चौथा आला, मग एकोणिसावा, मग दुसरा. त्यामुळे मावशींनी भांडण आधी वाचलं, ओळख नंतर, आणि पहिली नजरानजर तर ताटातूट होऊन गेल्यावर. त्यांचं काही अडलं नाही. उलट एकोणिसाव्या फर्म्यात तो का रुसला होता ते दुसऱ्यात कळलं तेव्हा त्यांना डोळे पुसावे लागले. त्या सरळसरळ प्रेमात पडल्या होत्या. सेनापतीच्या म्हणाल तर सेनापतीच्या, पण खरं म्हणजे त्या अख्ख्या पुस्तकाच्या, त्याच्या वासासकट.

घरी हे सगळं ऐकायला एकच माणूस होता. मावशींचे यजमान इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत आणि बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष होते. संध्याकाळी दारात आले की "आलो" म्हणत, ताटावर बसले की "वाढ" म्हणत, आणि मावशी सकाळी निघाल्या की "चावी घेतलीस?" विचारत. तीस वर्षांचा संसार जवळजवळ या तीन वाक्यांवर चालला होता. आता मात्र मावशी आमटीसारखी कथा वाढत सुटल्या आणि त्यांना ऐकून घ्यावं लागलं.

"परीराज्यात खोटं बोलता येत नाही, कळलं का? बोललं की पंख गळतात. म्हणून तो तिला काही सांगतच नाही. पंचवीस फर्मे झाले, मेला नुसता दाराशी येऊन उभा राहतो."

"पंख भिजले तर वजन किती वाढतं?" यजमानांनी विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय वजनाशी?"

"माणसाला वर न्यायचं म्हणजे वजन बघावं लागतं," ते म्हणाले आणि तोंड फिरवून पाणी प्यायले. पण दुसऱ्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या त्यांनीच विचारलं, "आला होता का आज तुझा पंखवाला?" आवाज जरा तिरकाच होता.

पंचविसावा फर्मा एका अर्ध्या वाक्यावर संपत होता. सेनापती शेवटचा म्हणून तिच्या दाराशी आला, त्यानं पंख मिटले आणि म्हणाला, पुढे नुसता स्वल्पविराम. पुढचं सगळं सव्विसाव्यात. मावशींना जेवण जाईना. त्याला तिच्याबद्दल काही वाटतं की नाही, हे त्या माणसाच्या, म्हणजे परीच्या, तोंडून ऐकल्याशिवाय जीव थाऱ्यावर येणं शक्य नव्हतं.

सव्विसावा आला तो सगळ्यांत शेवटी, आणि आला तोच घाई घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी माल न्यायला गाडी येणार होती. जेवणाची सुट्टी रद्द झाली. मुकादम हातात घड्याळ घेऊन टेबलांमधून फेऱ्या मारायला लागले. मावशींनी सव्विसाव्यांची थप्पी पुढ्यात ओढली, पण नजर अक्षरांवर टेकवायला क्षणाची फुरसत नव्हती. एखादा सुटा फर्मा पिशवीत टाकणं म्हणजे चोरी, आणि चोरी त्या करणार नव्हत्या. पुस्तक दुकानात यायला दोन महिने. तोवर त्या वेड्या झाल्या असत्या.

मग मावशींनी ते केलं. एका प्रतीत सव्विसावा फर्मा डोकं खाली, पाय वर असा ठेवला आणि शिवून टाकला. टाके नेहमीसारखे, एकसारखे.  मुकादम तपासणीत प्रत पकडतील, आरडाओरडा करतील, नाव फळ्यावर जाईल आणि पुस्तक घरी येईल. नाव जाणार म्हणून वाईट वाटत होतंच. बावीस वर्षं काही थोडी नव्हेत.

संध्याकाळ झाली. पुठ्ठे चढले, प्रती दाबाखाली गेल्या. कुणी ओरडलं नाही.

सकाळी येऊन बघतात तो गठ्ठे बांधून तयार. मावशींनी पिशवीही खाली ठेवली नाही. त्या मुकादमांकडे गेल्या.

"माझ्या प्रती तपासल्यात ना?"

"तुमच्या?" मुकादम हसले. "तुमच्या प्रती मी कधी तपासल्यात, मावशी? बावीस वर्षांत एकदाही नाही."

मावशी गठ्ठ्यांकडे बघत राहिल्या. कुणीतरी अनोळखी वाचणारी त्यांच्यासारखीच अर्ध्या वाक्यापाशी श्वास रोखून पान उलटणार आणि पुढे सगळं उलटं बघणार, हे त्यांना सहन होईना. "गठ्ठे सोडा," त्या म्हणाल्या. "एक प्रत खराब आहे. मी मुद्दाम केलीय."

मुकादमांना आधी ती थट्टा वाटली. मग मावशींचा चेहरा बघून त्यांनी दोर कापले. गाडीवाला बाहेर भोंगा वाजवत होता आणि दोघं खाली बसून प्रत्येक प्रतीची शेवटची पानं उघडत होते. अठ्ठ्याहत्तराव्या प्रतीत परीराज्य उलटं लटकलेलं सापडलं.

"कशासाठी, मावशी?"

"शेवट वाचायचाय."

मुकादमांनी इकडेतिकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, कुणाला कळायला नको. ही प्रत मी गुपचूप लगद्यात टाकतो. फळ्यावर तुमचं नाव नको. आणि मी तुमच्या प्रती तपासत नव्हतो, हेही बाहेर जायला नको."

मोह मोठा होता. नाव बचावत होतं. पण फळ्यावर नाव नाही तर प्रतही नाही, हा कारखान्याचा नियम मावशींनीच कितीजणींना ऐकवला होता. आणि परीराज्याचाही एक नियम त्यांना सहाव्या फर्म्यापासून पाठ होता: आपलं खरं नाव ज्याला दिलं, त्याचे आपण कायमचे झालो.

"खडू द्या," मावशी म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं, चांगलं ठसठशीत, आडनावासकट नाव लिहिलं. आत येणाऱ्या बायका दारातच थबकल्या. मावशींचे कान लाल झाले होते, पण प्रत काखेत घट्ट होती.

त्या संध्याकाळी यजमान घरी आले. "आलो" म्हणाले, आणि टेबलावरचं पुस्तक बघून थांबले. त्या घरात आलेलं ते पहिलंच पुस्तक.

"हाच का तो?"

"हाच. बसा समोर." मावशींनी पुस्तक मधोमध ठेवलं आणि आपल्या बाजूनं शेवटचा फर्मा उघडला. सगळी अक्षरं डोक्यावर उभी. "मला काही हे वाचता येत नाही बाई."

यजमानांनी मान पुढे काढली. त्यांच्या बाजूनं अक्षरं अगदी सरळ होती. त्यांनी पुस्तक न हलवता मागच्या पुठ्ठ्याकडून पानं चाळली, फर्म्याचं पहिलं पान काढलं, चष्मा चढवला आणि घसा खाकरला.

"काय म्हणाला होता तो?"

"अजून काही नाही. 'म्हणाला', एवढंच."

"हं." ते बोट ठेवून वाचायला लागले, लिफ्टच्या दारावरची सूचना वाचावी तसे, एकेक शब्द तोडून. "'मला बोलता येत नाही. शब्द तोंडाशी येतात आणि परत जातात. पण मी रोज इथेच येतो. दुसरीकडे कुठे जावं, असं मला कधी... कधी वाटलंच नाही.'"

ते थांबले. बोट तिथेच राहिलं. कानांच्या पाळ्या हळूहळू लाल व्हायला लागल्या. मग तेच वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी न अडखळता, आणि पुस्तकाकडे न बघता.

मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

"पुढे ती काय म्हणते?" यजमानांनी विचारलं. "घेते का आत?"

"मला काय माहीत? वाचा की तुम्ही."

त्यांनी पान उलटलं. पुस्तक नुसतं फिरवलं असतं तर मावशींनाही सरळ दिसलं असतं. बावीस वर्षं फर्मे लावणाऱ्या बाईला एवढं कळत नव्हतं, असं थोडंच आहे. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली, दोन्ही हात पुस्तकाच्या कडांवर ठेवले आणि ते जागचं हलणार नाही असं घट्ट धरून ठेवलं.