बटाट्याचं दुःख

धान्याच्या रिकाम्या गोदामात त्या दुपारी तीनेकशे माणसं कोंबली होती. पत्र्याखाली जीव उकडून निघत होता, पण जागचं कुणी हलत नव्हतं. पुढे टेबल, टेबलावर काचेचं मोठं भांडं, भांड्यात फिकट पिवळं पाणी आणि त्यामागे हलकेबाबा. मनाचं ओझं हलकं करतात म्हणून हे नाव. ओझं कुणाचं हलकं झालं ते पुढे सांगते.

बाबासमोर माझा मुलगा उभा होता. छत्तीस वर्षांचा, ताडमाड, बारा गायींचा गोठा एकट्यानं ओढणारा. मी पहिल्या रांगेत, मान ताठ करून.

"दुःख कुठं राहतं?" बाबानं विचारलं.

"मनात," लोक म्हणाले.

"चुकलात. मनात शिरतं, रक्तात फिरतं आणि तळहाताला उतरतं. म्हणून तर दुःखी माणसाच्या हातून काम होत नाही. पटतंय का?"

पटलं. मला तर सगळ्यांच्या आधी पटलं, कारण माझ्या पोराच्या हातून तीन महिने काम होत नव्हतं.

बाबानं त्याचे तळहात पांढऱ्या भुकटीनं चोळले. "ही आतलं बाहेर ओढते." मग ते हात पाण्यात बुडवले. पाणी बघता बघता शाईसारखं काळंनिळं झालं. मागं कुणीतरी हुंदका दिला. बाबानं एका बाटलीतलं काहीतरी ओतून ढवळलं, तर ते काळं पाणी नितळ झालं, पहिला पिवळेपणाही गेला.

"गेलं," बाबा म्हणाला. "आता याला गोळ्या नकोत. गोळी घेतली की दुःखाला दार उघडलं म्हणून समजा. आणि घरच्यांनी शंका घेतली, तरी तेच."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. सगळी मेख त्यात आहे.

माझ्या शेजारी सून होती. ती दूध संकलन केंद्रावर दूध तपासते. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, हा काळा रंग मी रोज बघते."

"गप्प बस. शंका घेऊ नका म्हणालेत ना ते?"

ती गप्प बसली. माझ्या घरात मी गप्प बस म्हटलं की माणसं गप्प बसतात. याचा मला फार अभिमान होता.

आता गोळ्यांचं सांगते. मुलगा पहाटे धारेला उठेनासा झाला, जेवेना, बोलेना, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. मी आधी आळशी म्हटलं. मग नाटकी म्हटलं. मग म्हटलं, तुझा बाप तापात फणफणत असतानाही धारा काढायचा. सुनेनं मला न विचारता त्याला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई म्हणाल्या, हा आजार आहे, याला नैराश्य म्हणतात, गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, आणि मनानं त्या बंद करायच्या नाहीत. मी म्हटलं, आमच्या घराण्यात असलं काही नाही. गोळ्या सुरू झाल्याच्या सोळाव्या दिवशी मीच त्याला बाबाकडं नेलं आणि घरी आल्यावर गोळ्यांची पाकिटं माझ्या हातानं उकिरड्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी मुलगा पहाटे उठला. धारा काढल्या. हसला. मी आळीभर मिरवले. दहा दिवस मिरवले.

अकराव्या दिवशी दुपारी गोठ्यात गेले, तर भिंतीवर खडूनं लिहिलेलं दिसलं. माझी शाळा दुसरीपर्यंत. एकेक अक्षर जोडत वाचलं.

'बांडी डावीकडून बसलं की लाथ मारते. ठेंगणीचं मागचं सड कडक आहे, आधी शेकावं. मोरी नवीन माणसाला पान्हा सोडत नाही, धार काढताना तिच्याशी बोलत राहावं. बाकी हिला सगळं माहीत आहे.'

बांडी, ठेंगणी, मोरी या आमच्या गायी. ही म्हणजे त्याची बायको. आणि नवीन माणूस कोण?

तो तिथंच मोरीजवळ उभा होता.

"हे कुणासाठी लिहिलंस?"

"असंच. कुणी कामाला आलं तर."

"आणि तू कुठं चाललास?"

तो हसला. गेले दहा दिवस हसत होता तसंच. मला आडून विचारायला कधी जमलं नाही. सरळ विचारलं, "जीव द्यायचं डोक्यात आहे का तुझ्या?"

त्यानं मोरीच्या कुशीला कपाळ टेकलं. म्हणाला, "आहे." इतकं हळू, की जणू गायीला ऐकू जाऊ नये.

"मग बाबाकडं बरं वाटलं म्हणालास, ते?"

"तू चारचौघांत एवढी खूश झालीस, आई. आणि शंका घेतली की ते परत येतं म्हणाला तो. म्हणजे परत आलं तर दोष तुमचा, नाहीतर माझा. म्हटलं, तुझं ओझं तरी उतरू दे."

माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं मारलेलं नाही.

सून आली, त्याच पावली आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. बाईंनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "विचारलंत हे चांगलं केलंत. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन काही येत नाही. मनातलं बोलायला वाट मिळते." गोळ्या नव्यानं सुरू झाल्या. त्याला एकटं सोडायचं नाही असं ठरलं. शेतातली फवारणीची औषधं त्याच संध्याकाळी आळीतच राहणाऱ्या माझ्या नणंदेकडं गेली, तिच्या कुलपात.

मग मी सुनेला विचारलं, "त्या दिवशी काय सांगत होतीस?" अकरा दिवसांनी विचारायला लाज वाटली, पण विचारलं.

ती स्वयंपाकघरातून एक बटाटा घेऊन आली.

पुढच्या बैठकीला आम्ही दोघी गेलो. मुलाजवळ नणंद बसली होती. टेबलासमोर एका ट्रकवाल्याची बायको हात पुढं करून उभी होती, डोळे सुजलेले. मी मध्ये घुसले आणि कापलेला बटाटा बाबासमोर धरला.

"बाबा, आधी याचं काढा. बिचारा फार दिवस अंधारात पडून होता."

लोक हसले. बाबा नाही हसला. "मावशी, थट्टा महागात पडेल."

"पडली आहे," मी म्हटलं आणि बटाटा पाण्यात सोडला. कापलेली बाजू काळीठिक्कर पडली. तो वर काढून सगळ्यांना दाखवला. "बघा, केवढं दुःख."

आता सून पुढं झाली. दूध तपासताना बोलते त्याच आवाजात बोलली. "यात आयोडीन आहे. जखमेला लावतात ते, औषधाच्या दुकानात मिळतं. दूध घट्ट दिसावं म्हणून कुणी पीठ मिसळलं का, ते आम्ही यानंच पकडतो. दूध उकळून गार करायचं, दोन थेंब टाकायचे. पीठ असलं की निळंकाळं होतं. बटाट्यातही तेच असतं. बाबांची भुकटी म्हणजे मक्याचं पीठ." तिनं स्वतःच्या हाताला ती भुकटी चोळली आणि हात बुडवला. पाणी काळं झालं. "मला आज काही दुःख नाही. उलट बरं वाटतंय." मग पदरातून आंबट गोळ्यांचा चुरा काढला. "हिरड्यांतून रक्त आलं की देतात त्या गोळ्या. क जीवनसत्त्व." चुरा टाकून ढवळला. पाणी नितळ झालं.

"यांच्या मुलाला परत त्रास होईल," बाबा ओरडला. "शंकेनं होईल."

"त्रास गेलाच कुठं होता?" मी म्हटलं. "तू फक्त त्याला तो लपवायला शिकवलंस. मेला असता तर तुझ्या हिशेबी आमच्या शंकेनं मेला असता. कधीच हरणार नाही असा धंदा काढलास बघ."

तुम्हाला वाटेल, लोकांनी बाबाला धरलं. कसलं काय. अर्धे लोक माझ्यावरच भडकले. एक बाई रडत म्हणाली, "आम्हाला तेवढाच आधार होता, तोही घालवलात." बाबा मागच्या दारानं गेला. दुसरीकडं बसतो म्हणे. तिथं पाणी लाल होतं.

ट्रकवाल्याची बायको मात्र थांबली. हाताची भुकटी पुसत तिनं डॉक्टरीणबाईंचा वार विचारून घेतला.

मुलगा काही दिवस उठतो, काही दिवस नाही. नाही उठला की मी त्याच्या खाटेशी बसते. ऊठ म्हणत नाही, बापाचं नाव काढत नाही. जिभेला हे शिकवायला मला फार जड गेलं. भिंत मी पुसायला निघाले होते, तो म्हणाला, राहू दे. परवा त्यानं स्वतः एक ओळ पुसली, ठेंगणीच्या सडाची. सड बरं झालंय म्हणाला.

बाकीच्या ओळी अजून आहेत. मी रोज मोजते.

तुमच्या घरात कुणी असं भिंतीकडं तोंड करून पडलं असेल, तर त्याला आळशी म्हणू नका आणि कुणाच्या भांड्यात त्याचे हात बुडवू नका. डॉक्टरकडं न्या, गोळ्या चालू ठेवा. आणि एक दिवसात हसायला लागला तर मिरवू नका. जवळ बसा, सरळ विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.