वीतभर लांब

पार्लरवालीच्या छातीत डावीकडे पेसमेकर बसला त्याला दोन महिने झाले होते. तेवढेच दिवस तिचं दुकानही बंद होतं. बंद कसलं, किल्लीच वन्संच्या कमरेला!

"आत यंत्र, हातात यंत्र. दोघांचं भांडण लागलं तर सोडवायला कोण जाणार?" हे नणंदबाईंचं शास्त्र. ड्रायर, केस कापायचं मशीन, सगळं त्यांनी पिशवीत बांधून ठेवलेलं. मोबाईलसुद्धा टेबलावर ठेवून लांबूनच ओरडून बोलायचं.

पंचवीस वर्षं लोकांची डोकी सांभाळणारी बाई, घरात बसून तिचंच डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी तपासणीच्या दिवशी ती पिशवी घेऊनच दवाखान्यात गेली. वन्सं सोबत होत्याच. पेसमेकर तपासणाऱ्या बाईंनी हातभर लांब टेबलावर ड्रायर चालू केला आणि चुंबकाचा जोर मोजणारा एक छोटा मीटर त्याला चिकटवला. आकडा टुणकन वर! मीटर वीतभर मागे घेतला, आकडा धपकन खाली.

"याच्या मोटारीला चुंबकाचा जोर असतो, पण जवळच. वीतभर लांब राहिलात तर घाबरायचं कारण नाही."

"मग दुकान उघडू?" तिचा आवाज चिरकला.

"उघडा की. ड्रायर धरता कसा?"

"असा, हात लांब करून. सगळे धरतात तसा."

"खोटं!" वन्सं कडाडल्या. "वहिनी, बगलेत कोण दाबून धरतं?"

"मी? कधीच नाही!"

"बंद ड्रायर घ्या आणि यांचे केस विंचरून दाखवा," बाई म्हणाल्या.

तिने वन्संना खुर्चीत बसवलं. भांग पाडायला दोन्ही हात लागले आणि ड्रायर आपोआप डाव्या बगलेत गेला. थेट पेसमेकरला टेकून.

"नेमकं तिथंच नको," बाई हळूच म्हणाल्या. "चालू असता तर पेसमेकर तेवढ्यापुरता गोंधळला असता. चक्कर आली असती, तीही हातात कात्री असताना."

तिने ड्रायर खाली ठेवला आणि वन्संकडे पाहिलं. पंचवीस वर्षं वन्सं दुकानाच्या बाकावर बसून चुका काढतात म्हणून ती कुरकुरत आली होती. त्या बाकावरूनच तर हे दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी वन्संनी किल्ली काढून दिली, आरशाच्या उजवीकडे स्वतः हुक ठोकला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. "पहिलं गिऱ्हाईक मी. पैसे मागायचे नाहीत."

तिने ओले केस वाळवायला घेतले. भांग पाडायची वेळ आली, तसा हात सवयीने बगलेकडे वळला.

आरशातून वन्संनी डोळे वटारले. "बघतेय मी."

ड्रायर हुकाला गेला.

"बघा वन्सं," ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बघतच राहा."