पहिल्या पिकाची टोपली

राहुरीकडच्या खेड्यात चाळीस वर्षं चर्चचे पाळक असलेले श्रीपती उपदेशात येशूपेक्षा शेणखतावरच जास्त बोलतात, अशी मंडळीची कायमची तक्रार होती. निवृत्तीनंतर ते कतारला, दोह्यात मुलाकडे, स्वानंदकडे आले, पण खोड गेली नाही. तिथल्या अल अझीझिया भागातल्या घरामागच्या वाळूत ते भाजीची सालं न् चहाचा चोथा जिरवत राहिले. स्वानंदला त्याचा वास यायचा. दोन वर्षांनी माती काळी झाली, मेथी तरारून आली. पहिली जुडी शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, कापणीच्या सणाला चर्चमध्ये वाहायची, असं त्यांनी ठरवलं.

गुरुवारी दवाखान्यातून परतले, तर वाफ्यावर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलेलं.

"वर्ल्ड कपला पाहुणे येणारेत, बाबा," स्वानंद म्हणाला. "आणि याला पाणी नको, खत नको. तुम्हीच उपदेशात सांगायचात ना, कमी पाणी, कमी कष्ट."

पाळकांनी कात्रीनं त्या गवताचा कोपरा कापला आणि दुसऱ्या दिवशी टोपलीत घालून वेदीपुढे ठेवला. तिथल्या तरुण पाळकांनी सगळ्या टोपल्यांवर हात धरून पिकाबद्दल देवाचे आभार मानले. डोळे मिटून उभा असलेला स्वानंद सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" म्हणाला.